अंगणातली पाटी आणि खांबावरचे फलक

पिट्सबर्गच्या एका उपनगरात आम्ही सात वर्षे राहिलो. तिथल्या घरांना कुंपण नव्हते. प्रत्येक घरापुढची हिरवळ थेट पदपथापर्यंत येई आणि एकाचे अंगण कुठे संपले व दुसऱ्याचे कुठे सुरू झाले, हे गवत कोणी कधी कापले यावरूनच कळत असे. २०२० च्या सप्टेंबरात या हिरवळींवर पाट्या दिसू लागल्या. हातभर रुंदीचा प्लास्टिकचा पत्रा, खाली तारेचे दोन पाय आणि वर उमेदवाराचे नाव. पायाने दाबली की पाटी गवतात घट्ट रुतते. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी, जे आयुष्यभर इलेक्ट्रिशियनचे काम करून निवृत्त झाले होते, रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्प यांच्या नावाची पाटी लावली. त्यांची धाकटी बहीण तीन मैलांवर राहत असे आणि तिच्या अंगणात डेमोक्रॅटिक पक्षाच्या बायडन यांच्या नावाची पाटी होती.

या बहीणभावांनी बर्फ हटवण्याचे एक यंत्र मिळून घेतले होते आणि हिवाळाभर ते आलटून पालटून वापरत. त्या वर्षी डिसेंबरच्या मध्याला मोठा बर्फ पडला, तेव्हा यंत्र बहिणीच्या गॅरेजमध्ये होते. सत्तरी गाठलेले आमचे शेजारी भल्या पहाटेपासून फावड्याने मोटारीची वाट मोकळी करत होते. मी माझे फावडे घेऊन मदतीला गेलो आणि बहिणीला फोन केला तर यंत्र मिळेल ना, असे सहज म्हणालो. ते काही क्षण फावड्यावर रेलून उभे राहिले आणि म्हणाले, "तिला फोन करायचा म्हणजे आधी तिचे ऐकून घ्यायचे. त्यापेक्षा हे बरे." पुढचा तासभर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

अमेरिकेतल्या ध्रुवीकरणाविषयी मी त्यानंतर पुष्कळ वाचले, पण माझ्या मनात तो विषय त्या सकाळीच येऊन थांबतो. कारण या दोघांची मते मला ठाऊक होती आणि ती एकमेकांपासून फार दूर नव्हती. दोघेही पोलाद कारखान्यातल्या कामगाराची मुले, दोघेही कामगार संघटनेच्या बाजूचे, दोघांनाही औषधांच्या किमती अन्यायकारक वाटत, आणि परदेशी व्यापार करारांनी आपल्या खोऱ्यातल्या भट्ट्या विझवल्या हे दोघेही सारख्याच संतापाने सांगत. त्यांच्यातले अंतर धोरणांचे नव्हते. आपली माणसे कोण आणि परकी कोण, याचे ते अंतर होते.

समाजशास्त्रज्ञांनी हे अंतर मोजण्यासाठी एक प्रश्न वापरला आहे, आणि मराठी माणसाला त्याचे मर्म चटकन कळावे असा तो आहे: तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात सोयरीक केली तर तुम्हाला वाईट वाटेल का? १९६० मध्ये असे वाईट वाटेल म्हणणारे दोन्ही पक्षांत पाच टक्क्यांच्या आसपास होते. २०१० पर्यंत रिपब्लिकनांत हे प्रमाण जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश झाले होते. पक्ष ही मत देण्याची सोय न राहता रोटीबेटी व्यवहाराची सीमा होऊ लागली, एवढे हे आकडे सांगतात.

हे नेहमी असे नव्हते, आणि त्याचा इतिहास आज वाचताना चकित व्हायला होते. १९५० मध्ये अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या एका समितीने अहवाल देऊन तक्रार केली होती की दोन्ही पक्ष पुरेसे वेगळे नाहीत आणि मतदाराला खरी निवड करता येत नाही. त्या काळच्या डेमोक्रॅटिक पक्षात दक्षिणेतले वर्णभेदाचे कट्टर पाठीराखे होते आणि उत्तरेतले कामगार नेतेही होते; रिपब्लिकन पक्षात ईशान्येकडचे उदारमतवादी सुखाने नांदत होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतल्या, रिपब्लिकन सदस्यांनी डेमोक्रॅटांपेक्षा अधिक मोठ्या प्रमाणात पाठिंबा दिला होता. त्या कायद्यानंतरच्या तीन दशकांत चाळणी लागत गेली. दक्षिणेतले गोरे पुराणमतवादी एका बाजूला गेले, उत्तरेतले उदारमतवादी दुसऱ्या बाजूला, आणि वंश, धर्म, शहर किंवा खेडे, महाविद्यालयीन शिक्षण, बंदूक बाळगणे या सगळ्या रेषा हळूहळू एकाच रेषेवर येऊन बसल्या. पूर्वी माणूस एका रेषेने तुमच्यापासून वेगळा असला तरी दुसऱ्या रेषेने तुमच्याशी जोडलेला असे. ते धागे तुटले, हे मला या सगळ्या बदलातले सर्वांत मोठे नुकसान वाटते.

माध्यमांचा वाटा यानंतरचा आहे, आणि तो सांगताना पिट्सबर्गचे नाव घ्यावेच लागते. २ नोव्हेंबर १९२० रोजी याच शहरातल्या केडीकेए या केंद्राने हार्डिंग आणि कॉक्स यांच्यातल्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल रेडिओवरून सांगितले, आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक प्रसारणाचा आरंभ साधारणपणे त्या रात्रीपासून धरला जातो. पुढे रेडिओलहरी मर्यादित आहेत आणि त्या जनतेच्या मालकीच्या आहेत, या भूमिकेतून सरकारने १९४९ मध्ये परवानाधारक केंद्रांवर एक बंधन घातले. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्यायचा आणि विरोधी बाजूही ऐकवायची, असा तो 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम होता. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो वैध ठरवला. १९८७ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. त्याआधी त्याच वर्षी काँग्रेसने त्याला कायद्याचे रूप देण्याचा प्रयत्न केला होता, त्यावर रेगन यांनी नकाराधिकार वापरला. पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला आणि एकाच बाजूने रोज तीन तास बोलणे हा एक मोठा व्यवसाय होऊ शकतो, हे सिद्ध झाले.

मात्र सगळा दोष हा नियम रद्द होण्यावर टाकणे मला पटत नाही. तो नियम केबल वाहिन्यांना कधी लागूच नव्हता. केबलने जे बदलले ते गणित होते. तीन राष्ट्रीय वाहिन्या असताना प्रत्येकीला सर्व देशाला एकत्र बसवावे लागे. सीबीएसवर वॉल्टर क्रॉन्काइट १९६२ पासून १९८१ पर्यंत बातम्या देत होते आणि दोन्ही पक्षांच्या घरांत त्यांचा आवाज सारखाच ओळखीचा होता. १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज या बातम्यांच्या केबल वाहिन्या एकाच वर्षी सुरू झाल्या, तोपर्यंत सुमारे सत्तावीस कोटींच्या त्या देशात रोज रात्री न चुकता बसणारे वीस-तीस लाख प्रेक्षक मिळाले तरी वाहिनी भरपूर नफा कमावू लागली होती. सर्वांना थोडे आवडण्यापेक्षा थोड्यांना अतिशय आवडणे फायद्याचे ठरले. आणि थोड्यांना अतिशय आवडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्यांना रोज कोणाचा तरी राग आणून देणे.

राजकारणी लोकांनी कॅमेऱ्याचा हा गुण वाहिन्यांच्याही आधी ओळखला होता. १९७९ मध्ये सी-स्पॅन या केबल सेवेवर प्रतिनिधिगृहाचे, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचे, कामकाज थेट दिसू लागले. जॉर्जियाचे तरुण सदस्य न्यूट गिंगरिच आणि त्यांचे सहकारी दिवसाचे कामकाज संपल्यावर उभे राहत आणि डेमोक्रॅटांवर जहाल आरोप करून प्रत्युत्तराचे आव्हान देत. कॅमेरा फक्त बोलणाऱ्यावर असे, त्यामुळे घरी पाहणाऱ्याला वाटे की समोरचे निरुत्तर झाले आहेत. १९८४ च्या मे महिन्यात सभापती टिप ओनील यांनी कॅमेरा सभागृहावरून फिरवण्याचा आदेश दिला आणि रिकाम्या खुर्च्या देशाला दिसल्या. ओनील यांचा समज असा की खरे दृश्य दिसले की खेळ संपेल. प्रत्यक्षात गिंगरिच यांचे नाव घरोघरी पोहोचले, आणि १९९४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले. सभागृहातल्या माणसांशी न बोलता घरी बसलेल्यांशी बोलायचे, ही पद्धत तिथून रूढ झाली.

माध्यमे लोकांना भडकवतात, हे आपण सगळेच म्हणतो. २०२० च्या निवडणुकीनंतर जे घडले त्याने मला याची दुसरी बाजू दाखवली. पेनसिल्व्हेनियात टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवसाच्या सकाळपर्यंत उघडताच येत नव्हत्या, म्हणून मतदान मंगळवारी झाले तरी निकाल स्पष्ट व्हायला शनिवार उजाडला. पहिल्या रात्री ट्रम्प पुढे होते आणि नंतर बायडन सुमारे ऐंशी हजार मतांनी पुढे गेले. याला चोरी म्हटले गेले. फॉक्स न्यूजने पहिल्या रात्रीच ॲरिझोना राज्य बायडन यांनी जिंकल्याचे जाहीर केले होते, त्यामुळे तिचे नेहमीचे प्रेक्षक चिडून अधिक जहाल वाहिन्यांकडे वळू लागले. पुढे डॉमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीने भरलेल्या बदनामीच्या दाव्यात जी अंतर्गत पत्रव्यवहाराची पाने उघड झाली, त्यांत दिसले की वाहिनीवरच्या नामांकित सूत्रसंचालकांचा चोरीच्या आरोपांवर खासगीत विश्वास नव्हता. तरीही ते आरोप वाहिनीवर येत राहिले, कारण प्रेक्षक निघून जाण्याची भीती होती. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो दावा मिटवला. ती पाने वाचताना मला सत्ताधीश वाहिनी दिसली नाही. स्वतःच घडवलेल्या प्रेक्षकाला घाबरलेली वाहिनी दिसली. आमच्या शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यातला दूरचित्रवाणी संच दुपारी चारला लागे तो झोपेपर्यंत बंद होत नसे. त्यांना कोणी ओढून नेत आहे असे मला आधी वाटे. नंतर वाटू लागले की ते आणि तो संच एकमेकांना ओढत होते.

त्याच वेळी जवळची बातमी नाहीशी होत होती. २००५ पासून अमेरिकेने आपली एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे गमावली आहेत आणि त्यांतली बहुतेक लहान गावांची साप्ताहिके होती. शाळा समितीची बैठक, पुलाची दुरुस्ती, पाणीपट्टी, या गोष्टींत पक्ष फारसा आडवा येत नाही. ते वाचायलाच मिळेनासे झाले की उरते ती वॉशिंग्टनची बातमी, आणि तिथे सगळे पक्षाच्याच रंगात येते.

निवडणुकीची व्यवस्थाही यात तेल ओतते. पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणीच्या अर्जावरच पक्षाचा रकाना असतो आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत केवळ त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदार भाग घेतात. मतदारसंघांच्या सीमा विधिमंडळातला बहुमताचा पक्ष आपल्या सोयीने आखतो. फिलाडेल्फियाजवळच्या सातव्या मतदारसंघाचा आकार इतका चमत्कारिक झाला होता की डिस्नेच्या व्यंगचित्रांतला गूफी डोनाल्ड डकला लाथ मारत आहे, असे त्याचे वर्णन केले जाई. २०१८ च्या जानेवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नकाशा रद्द केला. एकाच पक्षासाठी सुरक्षित केलेल्या मतदारसंघात खरा सामना प्राथमिक निवडणुकीतच होतो. तिथे येणारा मतदार थोडा आणि कडवा असतो, म्हणून समोरच्या पक्षाशी हातमिळवणी करणारा उमेदवार आधी तिथेच पडतो.

२०२१ मध्ये आम्ही जर्मनीतल्या लाइपझिगला आलो, आणि आलो ते नेमके संसदीय निवडणुकीच्या तोंडावर. इथे कोणाच्या घरापुढे पाटी नव्हती. फलक होते ते रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले, एकाखाली एक. एकाच खांबावर चार-पाच पक्ष राहत होते. कोणता शेजारी कोणाला मत देतो, याचा मला चार वर्षांनंतरही पत्ता नाही. शिवाय रंगांची अदलाबदल अंगवळणी पडायला वेळ लागला: अमेरिकेत २००० च्या निवडणुकीपासून लाल म्हणजे रिपब्लिकन हे पक्के झाले आहे, तर युरोपात लाल हा समाजवाद्यांचाच रंग आहे.

त्या दिवसांत कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी मला 'वाल-ओ-मात' दाखवले. सरकारी नागरी शिक्षण संस्थेने २००२ पासून चालवलेली ही प्रश्नावली आहे. अडतीस विधाने समोर येतात. प्रत्येकावर सहमत, असहमत किंवा तटस्थ असे सांगायचे, आणि शेवटी कोणत्या पक्षाशी तुमचे किती टक्के जुळते ते दिसते. मला मताधिकार नसतानाही मी ती भरली. माझे तीन पक्षांशी जवळजवळ सारखेच जुळले. एका सहकाऱ्याला स्वतःच्या नेहमीच्या पक्षाचे नाव चौथ्या क्रमांकावर दिसले, आणि त्यावर जेवणाच्या टेबलावर शांतपणे चर्चा झाली. त्या वेळी मला पिट्सबर्गच्या बहीणभावांची आठवण झाली. त्यांना अशी प्रश्नावली दिली असती तर उत्तरे बहुतेक जुळली असती, पण दोघांपैकी कोणी ती मानली असती असे मला वाटत नाही.

जर्मन माणूस स्वभावाने अधिक समंजस असतो, असा निष्कर्ष मी काढत नाही. त्याच्याकडून समंजसपणा करवून घेणारी रचना आहे. मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, पाच टक्के मतांचा उंबरठा ओलांडणारा पक्ष संसदेत येतो, आणि एका पक्षाला बहुमत मिळणे जवळजवळ अशक्य असते. आज ज्याला शिव्या द्यायच्या त्याच्याच शेजारी उद्या मंत्रिमंडळात बसायचे आहे, हे प्रत्येक वक्त्याला माहीत असते. चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, शोल्त्स यांचे तीन पक्षांचे सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये मोडले. पुढच्या निवडणुकीत त्यांना हरवणारे मेर्त्स हे शोल्त्स यांच्याच पक्षाला बरोबर घेऊन मे २०२५ मध्ये सत्तेवर आले. दोनच पक्षांच्या देशात समोरच्याचे नुकसान हाच आपला लाभ असतो. पाच-सहा पक्षांच्या देशात हा हिशेब इतका सरळ राहत नाही.

दुसरा आधार सार्वजनिक प्रसारणाचा. प्रत्येक घर महिन्याला १८ युरो ३६ सेंट देते, मग घरात संच असो वा नसो. त्या पैशांवर एआरडी, झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्या आणि रेडिओ चालतात. रात्री आठ वाजता 'टागेसशाऊ' हे बातमीपत्र लागते. पंधरा मिनिटे, निवेदकाचा आवाज कधी चढत नाही, आणि हे बातमीपत्र १९५२ पासून चालू आहे. पहिल्या आठवड्यात मला ते कंटाळवाणे वाटले. महिन्याभराने लक्षात आले की त्या पंधरा मिनिटांनंतर मी कोणावर चिडलेला नसतो.

पण युरोप म्हणजे केवळ जर्मनी नव्हे. ब्रिटनमध्ये निवडणूक पद्धत अमेरिकेसारखीच आहे, वृत्तपत्रे उघडपणे पक्षपाती आहेत, आणि युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या २०१६ च्या सार्वमताने देश ५२ आणि ४८ टक्के असा दुभंगला. तिथे नभोवाणी व दूरचित्रवाणीवर निःपक्षपातीपणाचे बंधन आहे आणि राजकीय जाहिराती विकत घेता येत नाहीत, एवढा लगाम अजून शिल्लक आहे. इटलीत खासगी वाहिन्यांचे मालक बर्लुस्कोनी १९९४ मध्ये स्वतःच पंतप्रधान झाले. पोलंडमध्ये २०१५ नंतर आठ वर्षे सार्वजनिक वाहिनी सत्ताधारी पक्षाचे मुखपत्र होऊन बसली. म्हणजे जनतेच्या पैशाने चालणारी वाहिनी ही आपोआप ढाल नसते; ती हाती आली तर तिचेच शस्त्र होते. जर्मनीत २०१४ मध्ये घटना न्यायालयाला सांगावे लागले की झेडडीएफच्या नियामक मंडळात सरकारच्या आणि राजकारणाच्या निकटचे लोक एक तृतीयांशाहून अधिक असता कामा नयेत. असे निकाल कोणीतरी मागावे लागतात आणि कोणीतरी पाळावे लागतात.

दोन्ही खंडांतला फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो गर्भपाताच्या प्रश्नावर. अमेरिकेत १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला आणि २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो काढून घेतला. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत न्यायमूर्तींच्या अनेक नेमणुका या लढाया झाल्या, आणि सामान्य माणसाने या प्रश्नावर समोरच्याशी बोलायची वेळ फार क्वचित आली. आयर्लंड हा कॅथलिक परंपरेचा देश, तिथे बंदी राज्यघटनेतच होती. तिथल्या संसदेने २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिकांची सभा नेमली आणि अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना बसवले. हे लोक शनिवार-रविवार गोलाकार टेबलांभोवती बसले. त्यांनी डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, दोन्ही बाजूंच्या स्त्रिया ऐकल्या, आणि मग शिफारस केली. २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले. हरलेल्यांचे दुःख खरे होते, पण आपल्याला कोणी ऐकलेच नाही असे म्हणायला त्यांना फारशी जागा राहिली नाही.

अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाची कल्पना नव्हती असे नाही. पिट्सबर्गचे डब्ल्यूक्यूईडी हे लोकवर्गणीवर उभे राहिलेले केंद्र १९५४ मध्ये सुरू झाले आणि मुलांसाठी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स तिथलेच. १९६९ च्या मे महिन्यात त्यांनी सिनेटच्या समितीपुढे बसून मुलांना राग आला की त्याचे काय करायचे हे आपण कसे शिकवतो ते अगदी हळू आवाजात सांगितले, आणि कठोर समजल्या जाणाऱ्या अध्यक्षांचे मन वळवून दोन कोटी डॉलरचा निधी वाचवला. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचा पुढच्या दोन वर्षांचा सुमारे एक अब्ज दहा कोटी डॉलरचा निधी काढून घेतला. हा निधी दरडोई हिशेबाने वर्षाला दीड-पावणेदोन डॉलर भरत होता. ही बातमी मी लाइपझिगमध्ये वाचली तेव्हा रॉजर्स यांचा तो आवाज आठवून मला मनापासून वाईट वाटले.

आणि इथेही सारे स्थिर नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये या सॅक्सनी राज्यात एएफडी हा कडवा उजवा पक्ष ३०.६ टक्के मते घेऊन दुसरा आला; फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर त्याला २०.८ टक्के मिळाली. आठच्या बातम्या पाहणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोक फार आहेत, आणि हा पक्ष टिकटॉकवर इतरांच्या खूप आधी पोहोचला होता. आमच्या वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी राहतो. त्याच्याकडे संच नाही, पण १८ युरो ३६ सेंट तो भरतो. गेल्या निवडणुकीच्या आठवड्यात जिन्यात भेटला तेव्हा मी त्याला बातम्या कुठे पाहतोस असे विचारले. त्याने खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला आणि अंगठ्याने पडदा वर सरकवला: एक नेता मोठ्याने बोलत होता, मग एक मांजर, मग पुन्हा तोच नेता. "मी शोधत नाही," तो म्हणाला, "हे आपोआप येते." मी त्याला आठच्या बातम्यांना आमच्याकडे यायला सांगितले. तो त्या गुरुवारी आला, पंधरा मिनिटे बसला, आणि दोनदा फोनकडे पाहून पुन्हा खिशात ठेवला.